युगांडाच्या तिजोरीच्या किल्ल्या तीस वर्षं ज्यांच्याकडे होत्या ते मुटेबिले

प्रश्न असा आलाय की युगांडात १९८६ पासून एकच राष्ट्राध्यक्ष आहेत, मुसेवेनी, मग तिथल्या सेंट्रल बँकेच्या, म्हणजे आपल्या रिझर्व्ह बँकेसारख्या बँकेच्या, गव्हर्नरला अर्थ तरी काय, तो नुसता सह्या करायला बसवलेला माणूस असणार, तरी एमॅन्युएल तुमुसीमे मुटेबिले यांचं नाव बँकिंगवाले इतकं आदराने का घेतात. मी कंपालात एका बँकेत क्रेडिटला काही वर्षं होते, २०११ ची महागाई तिथे बसून बघितलीय, एकूण बँकिंगमधली ३१ वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी थोडक्यात सांगते, ते सह्याजीराव नव्हते. पण त्यांच्या हातात जी ताकद होती ती कायद्याने कमी दिली आणि राष्ट्राध्यक्षांच्या विश्वासाने जास्त, आणि त्यांच्या कारकिर्दीतलं चांगलं काय आणि वाईट काय हे दोन्ही इथूनच येतं. शिवाय त्यांचं सगळ्यात मोठं काम ते गव्हर्नर व्हायच्या आधीचं आहे, आणि बाहेरचे लोक नेमकं तेच सोडून देतात.

जन्म २७ जानेवारी १९४९, काबाले भागात. हा युगांडाचा नैऋत्य कोपरा, रवांडाची हद्द अगदी जवळ, सगळे डोंगर आणि उतारावर पायऱ्यांची शेती, सकाळी स्वेटर लागेल अशी थंडी, कंपालाहून गेलेला माणूस चकितच होतो. तिथून शिकत शिकत ते मकेरेरे युनिव्हर्सिटीत आले, त्या काळात पूर्व आफ्रिकेतली ही सगळ्यात नावाजलेली युनिव्हर्सिटी, आणि १९७२ साली ते तिथल्या विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष होते. आता हे साल बघा. ४ ऑगस्ट १९७२ ला इदी अमीनने जाहीर केलं की आशियाई लोकांनी ९० दिवसांत देश सोडायचा. गुजराती व्यापारी तर होतेच पण आपल्या गोव्याची माणसंही पुष्कळ होती, एन्टेबे आणि कंपालाच्या सरकारी कचेऱ्यांत हिशेब आणि कारकुनी गोंयकारांच्या पिढ्यांनी केलेली, ती सगळी घरं दारं टाकून निघाली. आणि ह्या २३ वर्षांच्या मुलाने, जो स्वतः आशियाई नव्हता, ज्याचं यात काही जाणार नव्हतं, जाहीरपणे सांगितलं की हे चूक आहे.

त्याची किंमत काय असू शकत होती हे समजून घ्या. त्याच वर्षी देशाच्या सरन्यायाधीशांना, बेनेडिक्टो किवानुका यांना, उचलून नेलं आणि ते परत आले नाहीत. मकेरेरेचे कुलगुरू फ्रँक कालिमुझो यांचंही तसंच झालं. आणि ज्या बँक ऑफ युगांडाचे मुटेबिले पुढे गव्हर्नर झाले तिचे पहिले गव्हर्नर जोसेफ मुबिरू, तेसुद्धा अमीनच्याच माणसांकडून मारले गेले. तर हा मुलगा टांझानियामार्गे पळाला, इंग्लंडला पोचला, डरहम युनिव्हर्सिटीत डिग्री पूर्ण केली, मग ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजात पुढचं शिक्षण, आणि मग पूर्व आफ्रिकेत परत येऊन दार-ए-सलामच्या युनिव्हर्सिटीत शिकवायला लागला. १९७९ ला अमीन गेला तेव्हा ते युगांडात परतले आणि सरकारी नोकरीत शिरले. इंग्लंडमध्ये राहता आलं असतं, नाही राहिले.

१९८६ ला मुसेवेनी जंगलातून लढाई जिंकून कंपालात आले तेव्हा त्यांच्या लोकांचे विचार डाव्या वळणाचे होते, भाव सरकारने ठरवायचे, डॉलरचा रेट सरकारने ठरवायचा असं. पण तिजोरीत काही नव्हतं आणि नोटा छापणं चालू होतं. १९८७ च्या मे महिन्यात नवीन शिलिंग, म्हणजे तिथलं चलन, आणला, जुन्याचे दोन शून्य उडवले आणि वर नोटा बदलताना ३० टक्के सरकारने कापून घेतले. म्हणजे तुमच्याकडे जुने १०,००० असतील तर नवे १०० नाही, ७० हातात. मी कंपालात होते तेव्हा सुद्धा वयस्कर माणसं हे सांगताना आवाज खाली आणायची, इतकं ते मनाला लागलेलं. आणि एवढं करूनही महागाई थांबली नाही कारण मूळ दुखणं खर्चाचं होतं.

डॉलरचं सांगते कारण त्याशिवाय मुटेबिले कळत नाहीत. सरकारी रेट एक आणि रस्त्यावरचा रेट त्याच्या कितीतरी वर. रस्त्यावरच्या बाजाराला तिथे किबांडा म्हणतात. आता कॉफी हेच त्या देशाचं मुख्य निर्यातीचं पीक, ती सरकारी मंडळालाच विकायची सक्ती, आणि शेतकऱ्याला पैसे सरकारी रेटने, म्हणजे त्याच्या कष्टाचा मोठा वाटा मधल्या मधे गडप. मग कॉफी रात्रीची सरहद्दीपलीकडे जायची, दुसरं काय होणार. आणि ज्याची ओळख वरपर्यंत त्याला सरकारी रेटने स्वस्त डॉलर मिळायचा, तो किबांडात विकला की बसल्या जागी पैसे. मुटेबिले त्या वेळी नियोजन खात्यात होते, आणि त्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या काही अर्थतज्ज्ञांनी सरकारच्या आत राहून, कागद लिहून, चर्चा घडवून, वर्षानुवर्षं हे पटवत आणलं की ही व्यवस्था गरिबाकडून काढून ओळखीवाल्याला देते. १९९० मध्ये फॉरेक्स ब्युरो कायदेशीर झाले. म्हणजे जो धंदा लपून चालत होता तो पाटी लावून सुरू झाला. आज कंपाला रोडवर पावला पावलावर ब्युरो दिसतात, काचेवर बाय आणि सेल लिहिलेलं, सरकारची परवानगी न काढता आत जाऊन डॉलर घेता येतो, आणि मला पहिल्यांदा गेल्यावर आपल्याकडच्या फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, सवयीमुळे विश्वासच बसेना.

आता १९९२. खर्च हाताबाहेर गेला, बाहेरची मदत अडकली, महागाई परत ६० टक्क्यांच्या वर. मुसेवेनींनी अर्थमंत्री बदलले, अर्थ आणि नियोजन ही दोन खाती एकत्र केली आणि त्या एकत्र खात्याचे सचिव म्हणून, ज्याला तिथे तिजोरीचे सचिव पण म्हणतात, मुटेबिले यांना बसवलं. वय ४३. आणि त्यांनी जे केलं ते सांगायला अगदी सोपं आहे, करायला अतिशय अवघड. या महिन्यात जेवढी वसुली झाली तेवढाच या महिन्यात खर्च. बजेटमध्ये तुमच्या खात्याला काहीही मंजूर असू दे, तिजोरीत आले नाहीत तर सुटणार नाहीत. सेंट्रल बँकेकडून उसने घ्यायचे नाहीत, म्हणजेच नोटा छापायच्या नाहीत. पगारावर घर चालवणारी कुठलीही बाई हे दर महिन्याला करते, पण देश चालवताना हे करायचं म्हणजे रोज सकाळी दारात उभ्या असलेल्या मंत्र्याला, जनरलला, कंत्राटदाराला नाही म्हणायचं. वर्षभरात महागाई खाली आली, एकेरी आकड्यात.

मला विचाराल तर खरी सेंट्रल बँकिंग हीच. लोकांना वाटतं गव्हर्नर म्हणजे व्याजदर वर खाली करणारा. अहो ज्या देशात सरकार बँकेतून हवे तेव्हा हवे तितके काढतं तिथे व्याजदराने काय होणार, गळक्या टाकीचा नळ पिळण्यासारखं आहे ते. आधी गळती बुजवावी लागते, आणि ती त्यांनी तिजोरीच्या बाजूने बुजवली. हे जमलं कारण मुसेवेनींनी त्या काळात महागाई म्हणजे बेशिस्त हे स्वतः जाहीरपणे म्हटलं आणि सचिवाच्या मागे उभे राहिले. ते मागे नसते तर आठवड्यात बदली होती.

त्याच काळातली अजून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सरकार शाळांना दर मुलामागे अनुदान देत होतं, कागदावर पैसे सुटत होते, पण शाळांचे निकाल आणि पटसंख्या काही हलत नव्हती. मग प्रत्यक्ष शाळांमध्ये जाऊन वह्या तपासल्या. १९९१ ते १९९५ या वर्षांत सरासरी फक्त १३ टक्के रक्कम शाळेपर्यंत पोचली होती, बाकी जिल्ह्याच्या पातळीवर जिरली. बहुतेक सरकारं असा रिपोर्ट कपाटात ठेवतील. यांनी काय केलं, कोणत्या जिल्ह्याला किती पैसे सोडले ते दर महिन्याला पेपरात छापायला लागले, आणि शाळेच्या भिंतीवर पण लावायला सांगितलं, म्हणजे पालक उभा राहून वाचेल की आमच्या शाळेचे इतके आलेत, कुठेयत. २००१ पर्यंत हाच आकडा ८० टक्क्यांच्या वर गेला होता. पेपरातल्या छापण्यानेच सगळं झालं असं मी म्हणणार नाही, देखरेखही बरीच वाढली होती, पण हिशेब उघडा टाकायची तयारी लागते आणि ती त्या खात्याने दाखवली. १९९८ मध्ये गरीब देशांच्या कर्जमाफीची जी जागतिक योजना होती तिच्यात माफी मिळालेला पहिला देश युगांडा, आणि वाचलेले पैसे शाळा, दवाखाने, पाणी यासाठी वेगळे बांधून ठेवले. पैसे बांधून ठेवणं हीसुद्धा तिजोरीवाल्याचीच युक्ती.

१ जानेवारी २००१ ला ते गव्हर्नर झाले. सुरुवातीची वर्षं बँका सावरण्यात गेली. १९९८-९९ मध्ये तिथल्या तीन बँका बंद पडल्या होत्या आणि सगळ्यात मोठी सरकारी बँक, युगांडा कमर्शियल बँक, एकदा विकून फसली होती कारण घेणाऱ्याच्या मागे भलतंच कोणीतरी निघालं. ती सरकारने परत घेतली आणि २००२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या स्टॅनबिक बँकेला विकली. कंपालात याबद्दल अजून वाद घालतात लोक, आपली बँक परदेशी माणसाला का दिली म्हणून, आणि त्यात भावनेचा भाग आहे तसा तथ्याचाही आहे, कारण गावोगावच्या शाखा तिच्याच होत्या.

आता २०११, जे मी बघितलं. फेब्रुवारीत निवडणूक झाली, तिच्या आधी खर्च वाढलेला. पूर्व आफ्रिकेत दुष्काळ, मक्याचे, मटोक्याचे, म्हणजे तिथल्या रोजच्या जेवणातल्या हिरव्या केळ्यांचे, भाव चढलेले. शिलिंग वर्षाच्या सुरुवातीला डॉलरला २,३०० च्या आसपास होता तो सप्टेंबरपर्यंत २,८०० च्या वर गेला. ऑक्टोबरला महागाई ३० टक्क्यांच्या वर. बँकेने जुलैपासून नवीन पद्धत सुरू केली होती, दर महिन्याला एकच मुख्य दर जाहीर करायचा. जुलैत १३, मग १४, १६, २०, आणि नोव्हेंबरला २३. पाच महिन्यांत दहा टक्के, आणि आमच्या कर्जाचे दर २७ च्या पुढे.

माझी एक कर्जदार होती किकूबोची. किकूबो म्हणजे कंपालातली घाऊक बाजाराची गल्ली, आपल्या मशीद बंदरासारखी समजा, हमाल, हातगाड्या, गोणी, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचं. ही बाई बाहेरून कापड आणायची, हिशेबाची वही शाळेच्या पोराच्या वहीसारखी, रेघा मारून, पण एक हप्ता कधी चुकला नव्हता. डिसेंबरला ती माझ्या टेबलासमोर येऊन बसली आणि आमचं दर वाढल्याचं पत्र उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूवर तिने बेरीज मांडली. कापड डॉलरमध्ये महागलं, गिऱ्हाईक कमी झालं आणि हप्ता वाढला. मला म्हणाली, मॅडम यातलं एक तरी मी केलंय का. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही मुदत वाढवून दिली, तिचं दुकान वाचलं, पण तिच्या शेजारची दोन शटर खाली आली ती मी तिथे असेपर्यंत उघडली नाहीत. जानेवारी २०१२ ला व्यापाऱ्यांनी या व्याजदराच्या विरोधात दुकानं बंद ठेवली, मी ऑफिसमधून किकूबोत गेले तर ती गल्ली रिकामी, असं मी तिथे कधी पाहिलं नव्हतं.

गव्हर्नर हलले नाहीत. २०१२ संपेपर्यंत महागाई एकेरी आकड्यात आली. मला आजही वाटतं की दर चढवणं बरोबर होतं. महागाई अजून वर्षभर तशीच राहिली असती तर जिला पगार नाही, बँक खातं नाही, जी रोज कमवून रोज मटोके विकत घेते ती बाई सगळ्यात आधी मेली असती, आणि ती कुठल्या बँकेच्या टेबलासमोर येऊन बसू शकत नाही. पण उशीर झाला होता. दर आधी हलले असते तर २३ पर्यंत जावं लागलं नसतं, आणि उशीर का झाला हे बघायला गेलं की आपण परत राष्ट्राध्यक्षांपाशी येतो.

युगांडाच्या १९९५ च्या राज्यघटनेत कलम १६२ आहे, त्यात स्वच्छ लिहिलंय की बँक ऑफ युगांडावर कोणाही व्यक्तीचं किंवा संस्थेचं नियंत्रण असणार नाही. वाचायला फार सुंदर आहे. पण २०११ मध्ये सरकारने रशियन लढाऊ विमानं घेतली, ७४ कोटी डॉलर, आणि हे पैसे सेंट्रल बँकेतून आधी गेले, संसदेची मंजुरी नंतर झाली. एवढ्या छोट्या देशाच्या गंगाजळीला हे भगदाडच. मुटेबिले यांनी त्या वर्षी एका ब्रिटिश पेपरला मुलाखत देऊन सरकारच्या खर्चाबद्दलची नाराजी बोलून दाखवली, जे पदावर बसलेले गव्हर्नर सहसा करत नाहीत. पण पैसे गेले ते गेलेच. १९९२ चा सचिव नाही म्हणू शकत होता कारण राष्ट्राध्यक्षांना तो नकार हवा होता. २०११ ला तो नको होता. माणूस तोच, कायदा तर आधीपेक्षा मजबूत.

आणि दुसरं प्रकरण मला क्रेडिटवाली म्हणून जास्त टोचतं. कंपालातल्या बाजारांच्या जागा काढून घेतल्याबद्दल एका बड्या व्यापाऱ्याला सरकारने नुकसानभरपाई कबूल केली, १४२ अब्ज शिलिंग, आणि ती बजेटमध्ये नसताना बँक ऑफ युगांडाने व्यापारी बँकांना हमीची पत्रं दिली, म्हणजे तुम्ही याला पैसे द्या, आम्ही मागे आहोत. सेंट्रल बँकेचं असं पत्र टेबलावर आल्यावर कुठला क्रेडिट ऑफिसर नाही म्हणेल? सगळी तारणं एकीकडे आणि ते एक पत्र एकीकडे. संसदेच्या समितीने गव्हर्नरनी जावं असं म्हटलं, फेब्रुवारी २०१२ ला दोन मंत्र्यांनी राजीनामे दिले, गव्हर्नर राहिले. ज्या माणसाने तिजोरीत नसलेला पैसा सोडायचा नाही हा नियम देशाला शिकवला त्याच्या बँकेतून ही पत्रं जायलाच नको होती, वरून कितीही दबाव असू दे. त्यांच्याबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे आणि म्हणूनच हे लिहितेय.

बँकांच्या देखरेखीत तर बाजू अजून कमजोर. ऑक्टोबर २०१६ मध्ये क्रेन बँक ताब्यात घेतली, देशातल्या मोठ्या बँकांपैकी एक, आणि जानेवारी २०१७ मध्ये डीएफसीयू बँकेला २०० अब्ज शिलिंगला देऊन टाकली. ठेवीदारांचे पैसे बुडाले नाहीत, ही मोठी गोष्ट आहे, आपल्याकडे सहकारी बँका बुडाल्यावर म्हाताऱ्या माणसांच्या रांगा ज्यांनी बघितल्यात त्यांना त्याची किंमत कळेल. पण २०१८-१९ मध्ये संसदेने अशा सात बंद केलेल्या बँकांची चौकशी केली तेव्हा लक्षात आलं की ताबा घेताना काय मालमत्ता होती, काय कर्जं होती याच्या नीट याद्याच नाहीत. साधं गोडाऊन ताब्यात घेताना आम्ही पंचनामा करतो, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतो, पंखे मोजतो. क्रेन बँकेच्या नावाने तिच्या मालकावर लावलेला मोठा दावाही २०१९ मध्ये कोर्टाने फेटाळला, कारण रिसिव्हरशिपमधल्या, म्हणजे कारभार दुसऱ्याच्या ताब्यात गेलेल्या, बँकेला दावा लावता येत नाही. अर्थशास्त्रात वाघ असलेला माणूस, पण सुपरव्हिजन हे कारकुनी चिकाटीचं काम आहे, फाइल, तारीख, सही, आणि ते वर्षानुवर्षं हाताखालच्यांवर सोपवलेलं दिसतं.

त्यांना पाच वेळा नेमलं, शेवटचं २०२१ मध्ये. बरीच वर्षं मधुमेह होता, तब्येत खालावत गेली, आणि २३ जानेवारी २०२२ ला नैरोबीच्या हॉस्पिटलमध्ये ते गेले, त्र्याहत्तरावा वाढदिवस चार दिवसांवर होता. २१ वर्षं गव्हर्नर, त्याआधीचा सचिवपदाचा काळ धरला तर ३० वर्षं पैसा त्यांच्या हाताखालून गेला.

त्यानंतर ती खुर्ची तीन वर्षं रिकामी होती, हे फारसं कोणी सांगत नाही. राष्ट्राध्यक्षांनी नवीन गव्हर्नर नेमलाच नाही. डेप्युटी मायकल अटिंगी-एगो यांनी काम बघितलं, आणि तीन वर्षांनी, २०२५ मध्ये, तेच गव्हर्नर झाले. या मधल्या काळात, २०२२ ला, जगभर महागाई भडकली, युगांडात १० टक्क्यांच्या वर गेली, बँकेने दर १० टक्क्यांपर्यंत नेला, महागाई उतरली. गव्हर्नर नसताना. २०११ ला ज्या तरुण अर्थतज्ज्ञांनी मुख्य दर ठरवायची पद्धत बसवली होती तीच पद्धत चालू होती, तेच तक्ते, तीच बैठक, तेच निवेदन. माझ्या कपाटात त्या काळातली एक हजार शिलिंगची नोट अजून आहे, तिच्यावर त्यांची सही आहे, आणि कंपालात अशा नोटा आजही हातोहात फिरतायत.